कल्पक्कमची अणुभट्टी आणि गुप्ततेची मर्यादा

अड्याळहून समुद्र फार दूर. तरीही नौदलाच्या अणुभट्टीचा इतिहास आपणा सर्वांशी निगडित आहे, असे आम्हांस वाटते.

अणुपाणबुडी समुद्रात उतरविण्यापूर्वी तिच्यासारखीच भट्टी जमिनीवर चालवून पाहणे हिताचे असते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी भट्टी विकसित करून तमिळनाडूतील कल्पक्कम येथे, पाणबुडीच्या मध्यभागासारख्या पोलादी कवचात उभारली. २००३ मध्ये तीत अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. २००६ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. पाणबुडीवरील नौसैनिकांचे प्रशिक्षणही तेथेच झाले. देशाला मात्र तिची अधिकृत ओळख घडली ती ऑगस्ट २००९ मध्ये, 'अरिहंत'च्या जलावतरणानंतर.

संरक्षणाच्या कामात गुप्तता लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु २००० साली भाभा केंद्राच्या प्रकल्पांची सुरक्षा-देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत यंत्रणेकडे सोपविण्यात आली. म्हणजे बांधणारा तोच आणि तपासणाराही तोच! आराखडा शत्रूपासून अवश्य लपवावा; पण किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या सुरक्षिततेचा हिशेब त्रयस्थाने तपासावयास नको काय?

'अरिहंत' अण्वस्त्रे वाहून नेते, हेही विसरून चालणार नाही. अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हिरोशिमा येथे बजावले होते. शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगतानाच हे प्रश्न विचारणे, हे श्रद्धावंत नागरिकाचे कर्तव्यच होय.