बापाचें देणें, लेकीचा वेष

घरांत मूल जन्मास आलें कीं वडीलधारी मंडळी नाक कोणाचें, वर्ण कोणाचा, याची वांटणी करूं लागतात. आणि मनाजोगें कांहीं न दिसल्यास बोल बहुधा सुनेच्या पदरीं येतो. दिसतें त्यावरून वारसा ठरविण्याची ही रीत किती अपुरी आहे, हें परसांतील कढीलिंबावर पाहावयास मिळतें. बीड जिल्ह्यांतहि कढीलिंबावर व लिंबावर एक काळें फुलपांखरूं अंडीं घालतें. इंग्रजींत त्यास 'कॉमन मॉर्मन' म्हणतात.

यांतील नर एकाच वेषाचा : काळा, मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्यांचे वेष मात्र आपल्याकडे तीन. एक नरासारखा, दुसरा 'कॉमन रोझ' व तिसरा 'क्रिमझन रोझ' या फुलपांखरांसारखा. हीं दोन्ही लाल अंगाचीं फुलपांखरें खरोखरच विषारी. त्यांचे सुरवंट सापसंद, किडामारी अशा वनस्पती खाऊन त्यांतील विष अंगांत साठवितात. एकदां तोंड पोळलेला पक्षी पुन्हां त्या रंगाच्या वाटेस जात नाहीं. आणि निर्विष मॉर्मन मादी त्या धाकाच्या आडोशानें निर्धास्त वावरते.

हा वेष तिला मिळतो कोठून? प्रत्येक अपत्यास आईबापांकडून जनुकाची एकेक प्रत मिळते. दोहोंपैकीं एक जरी सोंगाची असली, तरी मुलीचें रूप पालटतें; मुलाचें मात्र तसेंच राहतें. म्हणून आई साधी असूनहि बापाजवळ दोन्ही प्रती सोंगाच्या असल्यास साऱ्या मुली वेषधारी निपजतात. बापाच्या अंगावर त्याची खूणहि नसते!

इतका गुंतागुंतीचा वेष म्हणजे शेजारीं बसलेल्या अनेक जनुकांचें काम असावें, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. २०१४ सालीं डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, हें काम 'डबलसेक्स' या एकाच जनुकाचें आहे. कीटकांत नर-मादी भेद घडविणारें तें हेंच. कॉमन रोझच्या सोंगाच्या प्रतींत या जनुकाचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यामुळें दोन प्रतींची सरमिसळ होत नाहीं व अर्धवट सोंग सहसा निपजत नाहीं.

मग साऱ्याच माद्या सोंग कां घेत नाहींत? सोंगें फार होऊन खरे विषारी थोडे उरले, तर पक्षी फसेनासे होतात. बांधावरील किडामारी समूळ उपटली गेली, तर विषारी फुलपांखरांचा आधार तुटेल, आणि त्यांच्या नांवावर जगणारा हा वेषहि पोकळ ठरेल.

तेव्हां कढीलिंबाचीं चार पानें गेलीं तरी गृहिणींनीं सुरवंट झाडून टाकूं नये. साध्या वेषाची मादी अंडीं घालतांना दिसली, तर मुलांनीं तिचीं पिल्लें जपून वाढवावीं. त्यांतून एखादी वेषधारी मादी निघाली, तर न पाहिलेल्या बापाचें देणें तिच्या पंखांवर वाचतां येईल.