बीजप्रक्रिया बाईच्या हातची, वाढलेलं पीक कुणाच्या खात्यात?

मृग लागायच्या आधी भंडारा जिल्ह्यात बीजप्रक्रियेची मोहीम सुरू होते. गावात पत्रकं लागतात, पारावर प्रात्यक्षिक होतं. समोर बसलेले बहुतेक पुरुष असतात. त्या वेळी त्यांच्या घरच्या बायका स्वयंपाक, पाणी, गोठा उरकत असतात. आणि घरी गेल्यावर बियाणं निवडायचं, भिजवायचं, वाळवायचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. शिकवायचं एकाला आणि करायचं दुसरीने, ही आपल्याकडची शेतीविस्ताराची रीत. गेली काही वर्षं साकोली, लाखांदूर भागातल्या बायकांच्या बैठकांना मी जाते. तिथे ही गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते.

बीजप्रक्रिया फायद्याची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिला भांडवल लागत नाही. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात धान ओतायचं. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. धुण्यात आळस केला तर मिठाने उगवण बिघडते. मग बियाण्यातून येणारे करप्यासारखे बुरशीजन्य रोग टाळण्यासाठी किलोला 3 ग्रॅम थायरम चोळायचं. सगळ्यात शेवटी, पेरणीच्या थोडं आधी, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम या प्रमाणात अ‍ॅझोस्पिरिलम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टर आणि तेवढंच स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं खत लावायचं. हा क्रम उलटा केला तर औषधाने जिवाणू मरतात. घरचं बियाणं वापरणाऱ्यांना तर मिठाचं पाणी फारच उपयोगी. पऱ्हे जोमदार आले की रोवणीला रोपं कमी पडत नाहीत, उसनी मागावी लागत नाहीत.

यातलं दाणा पारखणं बायकांना नवीन नाही. हलकं धान कोणतं, जड कोणतं, पुढच्या सालासाठी कोणत्या बांधीतलं राखायचं, हे त्यांनीच सांभाळलं आहे. तरीही प्रशिक्षणाच्या यादीत नाव येतं ते सातबाऱ्यावरच्या माणसाचं. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातल्या वहितीदारांमध्ये बायका होत्या जेमतेम 14 टक्के. नावावर जमीन नाही म्हणून ती शेतकरी नाही, आणि शेतकरी नाही म्हणून तिला कुणी शिकवत नाही.

मैत्रिणींनो, प्रश्न जिवाचाही आहे. औषध चोळतं कोण? बहुतेक घरांत बाईच, आणि तेही उघड्या हातांनी, घरातल्याच घमेल्यात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा राज्य हादरलं. फवारणी आणि बीजप्रक्रिया यांत फरक आहे, पण औषधाशी उघडा हात लागू नये हे दोन्हीकडे खरं. थायरम आणि कार्बेन्डाझिम ही दोन्ही औषधं 2020 च्या केंद्र सरकारच्या 27 कीडनाशकांवरील बंदीच्या मसुद्यात होती. म्हणून औषधाच्या पुडीबरोबर हातमोजे आणि तोंडाला बांधायचं फडकं मिळालंच पाहिजे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे हे काम देऊ नये. औषध लावून उरलेलं बियाणं कुटायचं नाही, कोंबड्या-गुरांना घालायचं नाही, हे प्रत्येक घरात पोचलं पाहिजे.

हीच गोष्ट चाऱ्याची. गुरांचं शेण-पाणी बाई करते आणि तणस संपली की गवताचा भारा डोक्यावरून आणते. गायरान मात्र उजाड किंवा अतिक्रमणात. पावसाच्या सुरुवातीला गायरानात शेणखत आणि स्फुरदाचं खत टाकलं, स्टायलोसारखं शेंगवर्गीय गवत पेरलं आणि काही दिवस चराईबंदी पाळली, तर चारा वाढतो आणि त्याचा कसही सुधारतो. पण याचा निर्णय ग्रामसभेत व्हायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. तिथे हळदीकुंकू उरकून न जाता गायरानाचा ठराव मांडायला काय हरकत आहे?

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. उत्पन्न वाढलं म्हणजे कुणाचं वाढलं? 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये ठरला. खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावर होते आणि पैसे त्या खातेदाराच्या बँकेत जातात. मिठाच्या पाण्यात हात घालणारीला किती पोती गेली आणि किती पैसे आले, तेवढंही पुष्कळदा कळत नाही. रोवणीला मजुरीने जाणाऱ्या बाईला तर वाढलेल्या पिकातून मिळतं काय? कापणी-मळणीचं काम वाढतं, मजुरी जुनीच राहते.

शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. 1992 साली बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्यासाठी सरकारी परिपत्रकही निघालं. इतकी वर्षं लोटली, तरी गावोगाव ते काम अर्धवटच आहे.

म्हणून आपल्या गटांनी या हंगामाआधी चार गोष्टी धरून बसाव्यात असं मला वाटतं. प्रात्यक्षिक बायकांच्या सोयीच्या वेळी आणि वस्तीत व्हावं, भूमिहीन मजूर बायकांनाही त्यात जागा असावी. औषधाबरोबर हातमोजे मिळावेत. सहधारक म्हणून नाव लावायचे अर्ज गटाने एकत्र तलाठ्याकडे द्यावेत. आणि पीक वाढलं त्या गावात रोवणी-कापणीची मजुरी वाढवून मागावी, तीही सगळ्या मजूर बायकांनी मिळून.

पोचट दाणा वेगळा कसा काढायचा हे आपल्याला चांगलं कळतं. मग पोचट योजनांनाही तीच परीक्षा लावू या.