वायर दुसरी आली, पण पहिली सोडता येते का?

सावनेरकरांनो, पोस्ट मोठी आहे, पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. सवडीनं वाचा.

सध्या चौकात, पानठेल्यावर, वेकोलिच्या कॉलनीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "भाऊ, केबल ठेवू का फायबर घेऊ?" "डिशचा रिचार्ज संपला, मारू का राहू देऊ?" "नवीनवाले सुरुवातीले स्वस्तात देऊन राहिले म्हणे, घेऊन टाकू का?" पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असं कोणी विचारतच नव्हतं. गल्लीत ज्याची वायर, त्याचीच केबल. पटलं तर घ्या, नाहीतर अँटेना फिरवत बसा.

पर्याय आले याचा आनंदच आहे. पण माझं म्हणणं असं, की दुकानं दोन झाली म्हणजे लगेच स्पर्धा झाली असं समजू नका. एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे, आणि उठताना खिसा कापला जाऊ नये. तेवढं जमलं तरच दर ताळ्यावर राहतो, सेवा सुधारते आणि फोनवर बोलायची भाषाही सुधारते. नाहीतर चार महिने स्वस्ताई आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जरा मागचं आठवून पाहा.

1991 च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी देशात सॅटेलाइट टीव्हीचं वेड आणलं. 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाला. मग छोट्या-मोठ्या गावांतल्या हिकमती पोट्ट्यांनी कोणाच्या तरी गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि विजेच्या खांबावरून, झाडावरून, शेजाऱ्याच्या कठड्यावरून घरोघरी वायर ओढली. कायदा मागाहून आला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा 1995 चा. नोंदणी तेव्हा कुठं व्हायची, तर हेड पोस्ट ऑफिसात. त्या कायद्यात "हा वॉर्ड याचा, तो वॉर्ड त्याचा" असं कुठंही लिहिलेलं नाही. कोणीही नोंदणी करावी आणि कुठंही जोडणी द्यावी. तरी बहुतेक गावांत हद्दी पडल्याच. त्याच्या गल्लीत मी येत नाही, माझ्या गल्लीत तू येऊ नको. ग्राहकाला या वाटणीत कोणी विचारलं नाही.

पहिली खरी स्पर्धा रस्त्यावरून आली नाही, छतावरून आली. 2003 मध्ये डिश टीव्ही, 2006 मध्ये टाटा स्काय, मग बाकीचे. छतावरच्या डिशला गल्लीची हद्द लागत नाही. या दोन्हींच्या मधे, डिसेंबर 2004 ला दूरदर्शनची मोफत डिश आली, जिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचा एक पैसाही नाही. संत्र्याच्या बगीच्यात, शेतातल्या घरी, जिथं केबलची वायर कधी पोचलीच नाही, तिथं टीव्ही पोचवला तो या छत्रीनं.

मग डिजिटल आलं. नागपूर शहराला मुदत होती 31 मार्च 2013. आपल्यासारख्या नगरपरिषदेच्या गावांना तिसऱ्या टप्प्यात 31 डिसेंबर 2015, तीही कोर्टकज्ज्यात लांबली. घरोघरी डबा आला. 2019 च्या फेब्रुवारीपासून ट्रायचे नवे नियम लागले. पाहाल तेवढ्याच चॅनेलचे पैसे द्या, आणि नुसत्या जोडणीचे 130 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2020 मध्ये तेवढ्याच 130 त शंभरऐवजी दोनशे चॅनेल झाले. चॅनेल निवडायची भानगड लोकांना झेपली नाही, बहुतेकांनी ऑपरेटरनं दिलेलं पॅकेजच घेतलं, ते वेगळं. पण निदान डोक्यावर एक छप्पर होतं.

ते छप्पर आता नाही, आणि ही गोष्ट गावात फार थोड्यांना माहीत आहे. जुलै 2024 मध्ये ट्रायनं जोडणीच्या आकारावरची ही मर्यादा काढून टाकली. बसवण्याचे, सुरू करण्याचे आकारही मोकळे केले. कंपनीनं दर जाहीर करायचे, एवढंच बंधन. कारण काय दिलं, तर बाजारात आता भरपूर स्पर्धा आहे, ती दर सांभाळेल.

म्हणजे वरून दर धरून ठेवणारा हात निघून गेला. आता एकच लगाम उरला: हा ग्राहक उद्या सोडून जाईल, ही भीती. आणि सोडून जाणंच कठीण असेल तर लगाम कसला?

सोडणं कठीण कशानं होतं ते पाहू.

पहिली गोष्ट, डबा. एका कंपनीचा डबा दुसऱ्याकडे चालत नाही. कंपनी बदलली की नवा डबा घ्या, जुना माळ्यावर टाका. किती घरांत असे दोन-दोन, तीन-तीन डबे धूळ खात पडलेत, मोजून पाहा. कोणत्याही कंपनीला चालेल असा डबा असावा, अशी शिफारस ट्रायनं एप्रिल 2020 मध्ये केली होती. मोबाइलमध्ये 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्या एका सोयीनं कंपन्या किती नरमल्या ते आपण पाहिलं. टीव्हीच्या नशिबी ती सोय आलीच नाही.

दुसरी गोष्ट, आगाऊ पैसे. सहा महिन्यांचे, वर्षाचे एकदम भरा, महिना स्वस्त पडतो. पडतोही. पण पैसे भरले की तुमच्या हातातलं एकमेव हत्यार, म्हणजे "मी सोडतो", ते तेवढ्या दिवसांसाठी म्यान झालं.

तिसरी गोष्ट, सगळं एकाच टोपलीत. फायबरवर नेट, टीव्ही, मोबाइल अ‍ॅप सगळं एकत्र मिळतं. सोय आहे, मी नाकारत नाही. पण नाली खोदताना जेसीबीनं वायर तोडली तर टीव्ही बंद, पोराचा ऑनलाइन क्लास बंद, दुकानाचं काम बंद. आणि बदलायचं म्हटलं तर सगळंच बदलावं लागतं, म्हणून माणूस बदलत नाही.

"असू दे ना, आज तर स्वस्त भेटून राहिलं!" असं म्हणणाऱ्यांनी मोबाइलचा इतिहास आठवावा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, सुरुवातीला फुकट. आपण सगळे खूश. एकापाठोपाठ एक कंपन्या बंद पडल्या नाहीतर दुसऱ्यात विलीन झाल्या. उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल. मग डिसेंबर 2019 ला दर वाढले, 2021 च्या शेवटी वाढले, जुलै 2024 मध्ये पुन्हा वाढले. तिन्ही खासगी कंपन्यांनी थोड्याच दिवसांच्या अंतरानं वाढवले. स्वस्त डेटा मिळाला हे खरंच आहे. पण निवड कमी झाली की दर कोण ठरवतं, तेही त्यातच दिसलं.

टीव्हीत तर आणखी एक गुंता आहे. दोन वेगळ्या पाट्या दिसतात म्हणजे मालक दोन असतीलच असं नाही. 2018 च्या ऑक्टोबरात रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. जिओ फायबर 2019 मध्ये आलं. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि रिलायन्सच्या चॅनेलांचा व्यवसाय एक झाला. म्हणजे वायर, नेट, अ‍ॅप आणि त्यावर दिसणारी मॅच, सगळं एकाच घराकडे असू शकतं. हे बेकायदेशीर आहे असं मी म्हणत नाही. पण "केबल का फायबर" ठरवताना मागचा मालक एकच आहे का, एवढं तरी पाहा.

आता ऑपरेटरची बाजू. त्याच्यावर राग काढणं सोपं आहे. फोन उचलत नाही, ऐन मॅचच्या वेळी चित्र जातं, "पोट्टा पाठवतो" म्हणतो आणि पोट्टा तिसऱ्या दिवशी येतो. हे सगळं खरं. पण त्याचा हिशोबही पाहा. वरच्या मोठ्या कंपनीशी वेगळा करार नसेल तर ट्रायच्या नमुना करारात जोडणीच्या आकाराची वाटणी 55 आणि 45 अशी आहे. 130 रुपयांतले 71 रुपये 50 पैसे वर जातात, 58 रुपये 50 पैसे गल्लीतल्या ऑपरेटरला. पाचशे जोडण्या असल्या तर महिन्याला 29,250 रुपये. पे चॅनेलच्या कमिशनचा वाटा वेगळा, पण मुख्य आधार हाच. यात पोरांचा पगार, पेट्रोल, वायर, आणि पहिल्याच वादळात वीज पडून उडालेला अ‍ॅम्प्लिफायर. यातही लोकं कमी होत चालले. देशातल्या पैसे भरणाऱ्या डिशवाल्यांची संख्यासुद्धा सात कोटींच्या आसपास जाऊन आता सहा कोटींच्या खाली आली आहे, तिथं गल्लीतल्या केबलवाल्याचं काय सांगावं?

तरी तो टिकावा असं मला वाटतं, आणि त्यात दया नाही, आपलाच स्वार्थ आहे. तो बंद पडला की गल्लीत उरलेली "दुसरी वायर" हीच एकुलती एक वायर होईल. मग त्या कंपनीच्या कस्टमर केअरला "एक दाबा, दोन दाबा" करत बसा. सावनेर कुठं आहे हेही त्यांना सांगावं लागेल.

शिवाय केबल हे नुसतं करमणुकीचं साधन नाही. गणपतीची मिरवणूक, नगरपरिषदेतली भांडणं, पाणी का आलं नाही ही बातमी, हे दाखवलं तर स्थानिक चॅनेलच दाखवतं. वायर एकाच हातात गेली की काय दाखवायचं हेही तोच हात ठरवतो. पंजाबात हे घडलं आहे. तिथं केबलचा बहुतांश धंदा एकाच गटाकडे गेला आणि एका न्यूज चॅनेलला वायरीवरून काढून टाकलं. प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेलं. शेवटी जानेवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं, की त्या गटानं आपल्या ताकदीचा गैरवापर केला. मात्र दंड माफ झाला. आणि तोवर कित्येक वर्षं निघून गेली होती. आपल्या तालुक्यात कोणाची बातमी दिसेल न् कोणाची दिसणार नाही, हे वायरवाल्यानं ठरवावं असं कोणाला वाटतं?

म्हणून जोडणी बदलण्याआधी एवढं करा:

1. पहिल्या महिन्याचा दर सगळेच सांगतात. सातव्या महिन्याचा दर काय, ते विचारा आणि लिहून घ्या. जीएसटी धरून किती, तेही.

2. डबा किंवा राउटर विकत आहे, भाड्यानं आहे की डिपॉझिटवर? परत केला तर किती पैसे, किती दिवसांत?

3. अर्जाची प्रत मागा. ती तुमचा हक्क आहे. पावती घ्या. वहीत टिक मारली म्हणजे पावती झाली नाही.

4. पहिल्यांदाच वर्षाचे पैसे भरू नका. महिना-दोन महिने पाहा. एक पावसाळा निघू द्या.

5. नवं नीट सुरू होईपर्यंत जुनं बंद करू नका. आणि टीव्ही फक्त बातम्या, भजन आणि जुन्या सिनेमापुरता लागत असेल तर फ्री डिशचा विचार करा. त्यात कमीपणा काही नाही.

6. तक्रार ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि लक्षात ठेवा, केबल कायद्यानं जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांना अधिकार दिले आहेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गावातल्या ऑपरेटर भावांनाही एक सांगणं आहे. एकमेकांच्या हद्दी राखत बसण्याचे दिवस गेले. दरपत्रक दुकानाबाहेर लावा. बिघाड झाला तर किती तासांत माणूस येईल ते सांगा आणि पाळा. त्याच जाळ्यावर नेट देता येत असेल तर द्या. कंपनीकडे पैसा आहे, पण पावसात शिडी घेऊन दहा मिनिटांत दारात उभा राहू शकतो तो तुमचाच पोट्टा. तुमची ताकद ती आहे, आणि तीच तुम्ही वाया घालवली.

नगरपरिषदेकडून मागणं एकच. रस्ता खोदायची परवानगी असो की खांब वापरायची, नियम आणि दर जुन्या-नव्या सगळ्यांना सारखे ठेवा आणि ते लोकांना दिसतील असे लावा. एकाची वायर रात्रीतून कापली जाते आणि दुसऱ्याची दिवसाढवळ्या टाकली जाते, असं कुठंही व्हायला नको. मेलेल्या वायरींची जाळी खांबांवरून उतरवायला लावा, उद्या कोणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण?

ज्यांच्याकडे बदल केल्याचा अनुभव आहे, चांगला असो की वाईट, त्यांनी कमेंटमध्ये दर, आगाऊ भरलेले पैसे आणि डबा परत झाला की नाही एवढं लिहा. वॉर्ड लिहा, ऑपरेटरला शिव्या नको. वॉर्डावॉर्डातले दर शेजारी-शेजारी मांडले की कोण कुठं जास्त घेऊन राहिलं ते आपोआप दिसेल. ती यादी मी पुढच्या रविवारी इथंच टाकतो.