वेगाचा व्यवसाय

नववी-दहावीच्या मुलांच्या वह्यांची मागची पाने शिक्षकाने अवश्य वाचावीत, असे आमचे मत आहे. पुढच्या पानांवर मुले आम्ही सांगितलेले लिहितात. मागच्या पानांवर त्यांच्या मनात असते ते उमटते. अलीकडे या मागच्या पानांवर मोटारसायकलींची चित्रे फार दिसू लागली आहेत. 'मी कोण होणार?' या जुन्यापुराण्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर डॉक्टर, इंजिनियर आणि सैन्यातील अधिकारी यांच्या रांगेत हल्ली एखादा तरी मोटारसायकल-रेसर उभा असतो. घरी हे कळले की वडीलमंडळी एक तर हसून सोडून देतात, नाही तर "हातपाय मोडून घ्यायचे आहेत काय?" असे दरडावून विषय संपवितात. आणि गंमत अशी की, तेच वडील त्याच मुलाच्या हाती संध्याकाळी दूध आणावयास स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली देतात!

हसणे आणि दरडावणे ही दोन्ही उत्तरे आम्हांस चुकीची वाटतात. हा व्यवसाय मुळात काय आहे, हे मुलांना नीट समजावून सांगितले पाहिजे. ते समजले म्हणजे रात्री मोकळ्या रस्त्यावरून गाडी पिटाळणारा मुलगा त्या व्यवसायाच्या वाटेवर पहिले पाऊलही टाकीत नाही, ही गोष्ट त्याची त्यालाच उमगेल.

वेगाचा शौक बडोद्याला नवा नाही. श्रीमंत प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या घोड्यांनी एके काळी विलायतेत नाव काढले होते. १९४७ सालची सेंट लेजर ही शर्यत त्यांच्या ज्या घोड्याने जिंकली, त्याचे नावच 'सयाजीराव' असे होते. पुढच्या वर्षी त्यांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. त्या शौकाच्या खर्चावर टीका करणारे पुष्कळ निघाले, परंतु घोड्यावर बसणाऱ्या जॉकीला कोणी उनाड म्हटले नाही. तो कसबी माणूस, हे सर्वांस मान्य होते. आमच्या घरची बोली कोकणी असल्यामुळे येथे गोव्याची आठवण होते. तेथे भाडे घेऊन मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर उतारू नेण्याचा धंदा आहे आणि तो करणाऱ्यास लोक 'पायलट' म्हणतात. या पायलटाचे पोट गाडीवर असते, म्हणून तो ती जिवापाड जपतो. जो यंत्रावर जगतो तो यंत्राशी खेळत नाही. शर्यतीतला स्वारही याच जातीचा माणूस आहे, हे ऐकून आमच्या बालमित्रांस कदाचित नवल वाटेल.

शर्यतीची मोटारसायकल वळणावर इतकी कलते की स्वाराचा गुडघाच नव्हे, कोपरसुद्धा जमिनीस घासतो. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने यावयाचे आणि पुढे तीव्र वळण असेल तर काही क्षणांत तो वेग शंभराच्याही खाली आणावयाचा. पाहणाऱ्यास यात धाडस दिसते. करणाऱ्यास मात्र सारा हिशेब करावा लागतो. ब्रेक कोणत्या खुणेशी दाबावयाचा, टायर किती तापले आहे, पुढच्या वळणासाठी मागचे वळण किती रुंद घ्यावयाचे, हे तो फेऱ्यामागून फेऱ्या मारून घोटीत असतो. त्यातही नियम कसे पाहा. मार्गाच्या कडेला पिवळे निशाण हलले की पुढे धोका आहे असे समजावयाचे आणि तेथे कोणी कोणास मागे टाकावयाचे नाही. टाकले तर दंड ठरलेला. जगज्जेता असो वा नवशिका, त्या निशाणापुढे हुज्जत चालत नाही. आमच्या मांडवीच्या चौकात तांबडा दिवा लागलेला असताना जे दृश्य दिसते, ते या स्वारांपैकी एखाद्याने पाहिले तर तो भिऊन पायीच चालू लागेल!

प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा ज्या गावात आहे, त्या गावाला आधी मेहनत आणि मग डाव हा क्रम शिकवावयास नको. या स्वारांचेही तसेच असते. बारीक चणीचा, पण दंड, मान आणि पोटऱ्या लोखंडासारख्या असा त्यांचा देह असतो आणि तो पुनःपुन्हा मोडतो. स्पेनचा मार्क मार्केझ २०२० साली हेरेस येथील शर्यतीत पडला आणि त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. आठवड्याभरातच त्याने पुन्हा गाडीवर बसण्याची घाई केली. पुढे त्या एका दंडावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. २०१९ सालापर्यंत मोटो-जीपी या सर्वोच्च गटाची सहा अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या स्वारास सातवे मिळावयास २०२५ साल उजाडावे लागले. निबंधात 'मला रेसर व्हावयाचे आहे' असे लिहिणाऱ्याने मधल्या सहा वर्षांचाही विचार करावा.

आपल्या देशात या खेळाचे माहेर मद्रासकडे, म्हणजे आताच्या चेन्नईकडे आहे. शोलावरम येथील युद्धकाळातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तेथे शर्यती होत. १९९० साली इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतींसाठी खास मार्ग झाला, त्यानंतर कोइमतूरजवळ दुसरा. चेन्नईचाच सरथ कुमार २०११ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या १२५ सीसी गटात उतरला. त्या स्पर्धेत उतरणारा तो पहिला भारतीय. मुलींनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये. बेंगळूरची ऐश्वर्या पिस्से हिला २०१८ साली स्पेनमध्ये अपघात होऊन स्वादुपिंडास गंभीर इजा झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने महिलांचा जागतिक बाहा चषक जिंकला. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे, माळरानावरची असते. पण जिद्द तीच. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडा येथे मोटो-जीपी प्रथमच भारतात भरली, तेव्हा आमच्या वर्गातही दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

मुलांच्या मनात एक घोटाळा असतो, तो येथेच दूर करणे बरे. पुण्याजवळ चाकण येथे बजाज कंपनीच्या कारखान्यात ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीच्या नावाच्या लहान गाड्या तयार होतात. त्याच कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवर ब्रॅड बाइंडर या स्वाराने २०२३ साली इटलीतील मुजेल्लो येथे ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला. टाकीवरचे नाव एकच असल्याने रस्त्यावरच्या गाडीतही तोच आत्मा आहे, असे पोरांना वाटते. नाव आणि नारिंगी रंग वगळला तर दोहोंत फारसे साम्य नाही. आणि मुजेल्लोच्या त्या सरळ मार्गावर गाय आडवी येत नाही.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. हा व्यवसाय पैसा देण्याआधी पुष्कळ पैसा खातो. गाडी, टायर, चामड्याचा पोशाख, प्रवास, आणि पडल्यावरचा दवाखाना. कारखान्याच्या चमूत ज्यास जागा मिळते त्याचा भार हलका होतो, पण तशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

आता मृत्यूविषयी. तो टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे मुलांची फसवणूक होय. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ सालापासून 'टीटी' नावाची शर्यत भरते. तिचा डोंगरी मार्ग म्हणजे नेहमीच्याच वाहतुकीचा, शर्यतीपुरता बंद केलेला रस्ता. एक फेरा सुमारे ६० किलोमीटरांचा; कडेला घरे, दगडी भिंती आणि दिव्यांचे खांब. त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. १९७२ साली तेथे पावसात जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार ठार झाला, तेव्हा त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी याने पुन्हा त्या शर्यतीत न उतरण्याचे ठरविले. कारकिर्दीत एकूण पंधरा जागतिक अजिंक्यपदे मिळविणाऱ्या माणसाला भित्रा कोण म्हणणार? इतर नामांकित स्वारही दूर राहू लागले आणि १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या हिशेबात धरणे बंद झाले. नकार देणे हाही या व्यवसायातील कौशल्याचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आणि अधिक कठीण. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात चेन्नईजवळच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बेंगळूरचा एक तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि मरण पावला. मुलगा अत्यंत गुणी होता. पोशाख, शिरस्त्राण, वैद्यकीय मदत सर्व काही होते. त्याआधी २०२१ साली युरोपात चौदा, पंधरा आणि एकोणीस वर्षांचे तीन स्वार गेले होते आणि त्यानंतर जागतिक स्पर्धेचे किमान वय, काही अपवाद सोडता, अठरा करण्यात आले. लहान गाडीवर, थोड्या वेगाने, जाणत्याच्या नजरेखाली मुलाने शिकण्यास आमची हरकत नाही. पण ज्या वयात त्याला वाहनाचा परवानाही मिळत नाही, त्या वयात त्याच्या जिवाची पैज लावण्याचा अधिकार आईबापांनाही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर असे उत्तर मिळते की, उशिरा आरंभ करणारा मागे पडतो. हे खरे आहे. खरे असूनही आमचे मत बदलत नाही.

या साऱ्या मंडळींत आमच्या मनात घर करून राहिला आहे तो माइक हेलवूड. १९४० साली जन्मलेला हा इंग्रज स्वार. वडील मोटारसायकलींचे सधन व्यापारी, त्यामुळे प्रारंभीची अडचण त्याला भासली नाही. परंतु बापाच्या पैशाने गाडी मिळते, वळण मिळत नाही. १९६१ साली त्याने एकाच आठवड्यात तीन टीटी शर्यती जिंकल्या आणि पुढे एकूण नऊ जागतिक अजिंक्यपदे मिळविली. नंतर तो मोटारींच्या शर्यतींकडे वळला. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत क्यालामी येथे त्याच्या व क्ले रेगात्सोनी या प्रतिस्पर्ध्याच्या मोटारींची टक्कर झाली. रेगात्सोनी पेटत्या मोटारीत अडकला. हेलवूड आपल्या मोटारीतून उतरून आगीत शिरला. त्याच्या स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला. ती आग विझविताच तो पुन्हा परतला आणि त्याला बाहेर काढूनच थांबला. या शौर्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत पाय जायबंदी होऊन मोटारींची कारकीर्द संपली. आणि १९७८ साली, अकरा वर्षांच्या खंडानंतर, अडतिसाव्या वर्षी तो टीटीच्या त्याच भिंतींमधून परत धावला आणि जिंकला. १९७९ साली पुन्हा जिंकून त्याने निरोप घेतला.

यानंतरची हकीकत प्रत्येक पालकाने वाचावी. १९८१ च्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी हेलवूड आपल्या दोन मुलांना मोटारीत घेऊन जेवणासाठी तळलेले मासे आणि बटाटे आणावयास निघाला. समोर एका ट्रकचालकाने मनाई असलेल्या जागी, दुभाजकाच्या फटीतून ट्रक वळविला. हेलवूडची नऊ वर्षांची मुलगी जागीच गेली, दोन दिवसांनी तो गेला, मुलगा वाचला. ट्रकचालकास शंभर पौंड दंड झाला. ज्याला टीटीच्या भिंतींनी सोडले, त्याला घराजवळच्या रस्त्यावरचे एक बेकायदा वळण पुरे झाले. शर्यतीच्या मार्गावर सर्वजण एकाच दिशेने जातात, सर्वांची परीक्षा झालेली असते, निशाण घेऊन माणसे उभी असतात. रस्त्यावर यातले काहीच नसते; तेथे दुसऱ्याच्या चुकीचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो सोळा वर्षांच्या मुलास येत नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. कायदाही संदिग्ध नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास पालकांच्या संमतीने पन्नास सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालविता येते. गियरच्या गाडीस अठरा वर्षे हवीत. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. जो मुलगा खरोखरच रेसर होऊ इच्छितो, त्याची वाट या शेवटच्या कलमाने किती वर्षे अडेल, हे त्याने वहीच्या मागच्याच पानावर मांडून पाहावे.

पुढील सत्रापासून अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या गियरच्या गाड्या शाळेच्या आवारात घेऊ नयेत, अशी सूचना आम्ही काही शिक्षकांनी केली आहे. काही पालकांचा तिला विरोध आहे. शिकवणीचे वर्ग दूर असतात, बस वेळेवर मिळत नाही, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पालकसभेत या प्रश्नाचा निर्णय व्हावयाचा आहे; सायकली ठेवण्याच्या जागेचे छप्पर तेवढे आताच वाढवून घेतले आहे.