फुकटच्या घराचा उंबरठा

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसून मी एवढेच शिकलो, की 'फुकट' म्हटले की बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचावा. भाच्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवले, तेव्हा हे शहाणपण मी ऑफिसातच विसरून आलो होतो.

"मामा, एक पैसा नाही. वर संपूर्ण स्वातंत्र्य!"

स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी उघडलेली खिडकी बाजूला ठेवायचे बटण सापडेना. ते म्हणे ग्नोमवाल्यांनी २०११ सालीच काढून टाकले. पडदा स्वच्छ दिसतो. दिसणारच! आमच्या सौ.ने सगळे डबे माळ्यावर टाकले तेव्हा स्वयंपाकघरही स्वच्छ दिसले होते. चहा तेवढा झाला नाही.

माझे सोडा हो. पण अण्णांचे काय? काचबिंदूने नजर गेली, पेपर सुटला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा 'ऑर्का' ग्नोममध्ये आहे, तोही फुकट. सुपर, ऑल्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबायच्या. हे कुठे लिहिलंय? पडद्यावर!

आणखी ऐका. वेलँड नावाच्या नव्या व्यवस्थेत एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या कळा ऐकायच्या नाहीत, असा सुरक्षेचा नियम आहे. नियम उत्तम, पण ऑर्काचे सारे काम त्या कळांवरच! फेडोराने वेलँड घरात घेतले २०१६ साली. ऑर्काच्या कळा तिथे नीट चालण्याची सोय ग्नोमने केली २०२५ साली. म्हणजे कुलूप आज बदलले, आणि अण्णांची किल्ली नऊ वर्षांनी!

"मामा, ही मंडळी बरेचदा बिनपगारी राबतात. आणि कोड खुला आहे, तुम्हीच दुरुस्त करा की!"

राबणाऱ्यांना माझा नमस्कार. पण उद्या मी पेन्शनरला म्हटले, 'आजोबा, लेजर उघडंच आहे, व्याज तुमचं तुम्ही लावून घ्या,' तर चालेल का? आणि सोय शेवटी करायची असते कुणी सांगितले? उंबरठा घर बांधतानाच बुटका ठेवायचा असतो.

माझे मागणे एकच. मशीन पहिल्यांदा सुरू होताच त्याने मोठ्याने विचारावे, 'वाचून दाखवू का?'

त्या तीन कळा मी अण्णांच्या बोटांना दाखवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरच्या खोलीतून कॉम्प्युटरचा आवाज आला. मी धावलो. अण्णा म्हणाले, "तू झोप रे. पेपर वाचतोय."

किती दिवसांनी त्यांनी मला हाक मारली नव्हती!