चुलीविना गोड

वैशाखात पाहुणा घरी आला म्हणजे दोन गोष्टी हटकून घडतात. पाहुण्यास ओसरीवर माठातले गार पाणी मिळते, आणि घरातील माउली तासभर चुलीपुढे अगर गॅसच्या शेगडीपुढे उभी राहते. उटनूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना तो तास कसा असतो हे सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत आदिलाबाद जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्याही वर चढतो. पत्र्याच्या छपराखालील स्वयंपाकघराविषयी तर बोलूच नये. अशा दिवसांत आटवलेली बासुंदी किंवा तळलेले गुलाबजाम वाटीत पडले, तर त्या गोडाची किंमत कोणी दिली, असा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

आमचे मत थोडक्यात असे की, भर उन्हाळ्यात पाहुणचाराचे गोड फळांचे असावे आणि ते विस्तवावाचून व्हावे. यावरचा आक्षेप ठरलेला आहे. ‘पाहुण्यापुढे नुसते शिकरण ठेवले? लोक काय म्हणतील!’ पदार्थ जितका वेळ शिजला तितका त्याचा मान मोठा, अशी आपली समजूत झाली आहे. परंतु आपल्याच रूढी निराळे सांगतात. देवापुढील पंचामृत कोणी शिजवीत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जी कैरीची डाळ करतात, ती भिजवून वाटलेली असते; विस्तव लागतो तो केवळ फोडणीपुरता. आणि उटनूरमध्ये ज्या दिवशी आपण गुढी उभारतो, त्याच दिवशी आपले तेलुगू शेजारी उगादीची पच्चडी करतात. कैरी, नवी चिंच, गूळ, कडुनिंबाचा मोहोर यांचे ते मिश्रण वर्षारंभीचा प्रसाद म्हणून घरोघर वाटले जाते. त्याला कोणी ‘नुसते’ म्हणत नाही. देवाला जे चालते ते पाहुण्याला का चालू नये?

आता करावे काय? आपल्या रानाचे नाव ज्याने दूरवर नेले ते सीताफळ येथे उपयोगी नाही, कारण ते पावसाळ्यानंतर येते. उन्हाळ्याचा राजा आंबाच. गावठी रसाळ आंबे दोन तास पाण्यात बुडवून ठेवावेत, माचवावेत आणि रस पिळून काढावा. वर चिमूटभर सुंठ व चमचाभर साजूक तूप. रसाबरोबर पुऱ्याच हव्यात असा हट्ट मात्र नको, नाहीतर विस्तव पुढच्या दाराने घालवून मागच्या दाराने आणल्यासारखे होईल. सकाळच्या मऊ पोळ्या पुरतात. आंबे रासायनिक भुकटीने पिकविलेले नसावेत. कार्बाइडने फळे पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसारही मनाई आहे.

खरबूज तर आंब्याहूनही सोपे. त्याच्या फोडी करून वर साखर किंवा किसलेला गूळ भुरभुरावा, वेलदोड्याची पूड घालावी आणि अर्धा तास झाकून ठेवावे. साखर फळातील पाणी ओढून घेते व फोडी आपल्याच पाकात पोहू लागतात. विज्ञानाच्या पुस्तकातील परासरण ते हेच. पिकलेल्या बेलफळाचा गर पाण्यात कुस्करून गाळावा व त्यात गूळ विरघळवावा. ताडगोळे सोलून, चिरून साखर घातलेल्या थंड दुधात सोडले, तर पाहुणा दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो. वरून चारोळी पेरावी. ती आपल्याच रानातल्या चाराच्या झाडाची असते, आणि उन्हात फिरून ती वेचणारीही बहुधा कोणाची तरी आईच असते. म्हणून बाजारात तिच्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करू नये.

दूध तापवावे लागतेच, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते पहाटेच्या चहाबरोबर तापते आणि दुपारपर्यंत निवते. थंड करण्यास बर्फच पाहिजे असेही नाही. शिवाय बाहेरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल, याची खात्री देता येत नाही. परातीत पाणी घेऊन तीत पातेले ठेवावे, वर ओले फडके टाकून त्याची टोके पाण्यात सोडावीत आणि परात वाऱ्यावर ठेवावी. आपली हवा कोरडी, त्यामुळे फडक्यातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना पातेल्यातील उष्णता घेऊन जाते. दमट कोकणात ही युक्ती इतकी साधत नाही. वीज गेली तरी आपले काम अडत नाही, हा लाभ वेगळाच!

हे सारे वाचून आमच्या शाळेतील मुलांनी हा अंक बहिणीकडे सरकवू नये. येथे फोडणी नाही, हात पोळण्याची भीती नाही. आठवीतला मुलगा सुटीत हे सहज करू शकेल, आणि आई तेवढा वेळ ओसरीवर पाहुण्यांशी बोलत बसेल. हात व फळे स्वच्छ धुवावीत, आणि लागेल तेवढेच करावे. चिरलेले फळ उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शिकरण तर पाने मांडल्यावरच करावे, कारण केळे चिरून ठेवले की काळे पडते.