शून्यापासून सुरुवात करू नका

हिशेबाचं नवं ॲप उघडलं की ते पहिल्यांदा विचारतं, आज खात्यात किती पैसे आहेत? आपण आकडा टाकतो. ॲप त्याला 'ओपनिंग बॅलन्स' म्हणतं आणि मागची सगळी वर्षं त्या एका आकड्यात गडप होतात. रील्समधून पैशाचे सल्ले देणारेही हेच सांगतात : मागचं सोडा, एक तारखेपासून नवं पान उघडा.

हा सल्ला चुकीचा आहे. दिवाळीत वहीपूजन करून नवी वही उघडणारा व्यापारीसुद्धा जुनी बाकी पुढे ओढतो आणि जुनी वही माळ्यावर जपून ठेवतो. ती बाकी कुठून आली, हे विचारणारा कधीतरी दारात येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तुमच्याही दारात तो येणार आहे. समजा, आईवडिलांनी २००४ साली घर घेतलं आणि २०११ साली तीन लाख खर्चून वर एक खोली चढवली. उद्या घर विकलं तर भांडवली नफा काढताना हा बांधकामाचा खर्चही वजा करता येतो. पण बिलं सापडली नाहीत तर ते तीन लाख कागदावर 'नफा' ठरतात. साडेबारा टक्के दर धरला तरी ३७,५०० रुपये कर, उपकर वेगळा. ॲपमधली नोंद हा पुरावा नव्हे, कबूल. पण बिल कोणत्या सालचं, कोणत्या फायलीत, हे ती सांगते. बिलाचा फोटो नोंदीला जोडला तर आणखी बरं.

दुसरा प्रश्न घरातलाच. 'हे घर दादाच्या पगारावर उभं राहिलं,' असं सगळे म्हणतात, कारण कर्जाचे हप्ते दादाच्या खात्यातून गेले. आईची भिशी, ताईच्या नोकरीची पहिली पाच वर्षं, मामाकडून घेतलेले उसने, हे सगळं रोखीत झालं. ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाही, स्वयंपाकघरातल्या डायरीत आहे. ओपनिंग बॅलन्स रक्कम ठेवतो, माणसं पुसतो. वाटणीच्या वेळी मग ज्याचं स्टेटमेंट, त्याचंच घर!

'बँकेकडे असेलच की' या भरवशावर राहू नका. १९८५ च्या नियमांनुसार बँकांना काही नोंदी पाच वर्षं आणि काही आठ वर्षं जपाव्या लागतात. २०१७ ते २०२० या काळात कित्येक सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. आणि मिळतं काय, तर पासवर्ड लावलेली पीडीएफ. माणसाला वाचता येते, पण बहुतेक ॲप्सना गिळता येत नाही. आपल्याच पैशांची माहिती साध्या सीएसव्ही फाइलमध्ये मिळावी, ही मागणी जास्तीची नाही.

ती मिळाली तरी डोळे उघडे ठेवा. 03/04/2015 ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी पद्धतीच्या सॉफ्टवेअरला ४ मार्च. म्हणजे आख्खं आर्थिक वर्षच बदललं. 1,25,000 मधल्या स्वल्पविरामांवर रक्कम तुटून तीन रकान्यांत सांडू शकते. एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे एकदा खर्च आणि एकदा उत्पन्न म्हणून धरले जातात, आणि आपण भलतेच श्रीमंत दिसतो. म्हणून एकेका वर्षाची फाइल चढवा, वर्षअखेरची शिल्लक पासबुकाशी जुळवा, मगच पुढे जा.

'दहा वर्षांच्या चहाच्या नोंदी कोण भरणार?' कुणीच नाही, आणि भरूही नये. चहा, रिक्षा, भाजी यांची वर्षाची एक ढोबळ रक्कम पुरे. पण घर, सोनं, शेअर, फंड, कर्ज, विमा, उसनवारी यांची प्रत्येक नोंद तारखेसह हवी.

हे सगळं कशात ठेवायचं, तेही बघा. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेलं मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झालं. ॲप आज आहे, उद्या नसेल. म्हणून त्यात काही भरण्याआधी 'एक्स्पोर्ट'चं बटण शोधा. नसेल तर ते ॲप कितीही देखणं असो, काढून टाका. ग्नूकॅशसारखं मोफत सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, पण तुमची फाइल तुमच्याच संगणकावर ठेवतं.

आणि हे काम निवृत्तीनंतरसाठी ठेवू नका. पीडीएफ उशिरा का होईना, बँकेकडून मागता येईल. पण डायरीतलं 'श. ५००' म्हणजे शकूमावशीला दिलेले की शाळेची फी, हे जिनं लिहिलं तीच सांगू शकते. तिला या रविवारीच विचारा.